शिडाच्या जहाजातून येणारी कॉफी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत अटलांटिक महासागरात एक बंद पडलेला धंदा पुन्हा सुरू झाला आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली कॉफी, कॅरिबियन बेटांवरचा कोको आणि रम शिडाच्या जहाजांत भरून युरोपला आणायची. नेदरलँड्समधलं ‘त्रेस ओंब्रेस’ २००९ मध्ये या कामाला लागलं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ‘ग्रेन दे सेल’ या कॉफी-चॉकलेट कंपनीनं २०२० मध्ये स्वतःचं शिडाचं मालवाहू जहाज समुद्रात उतरवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘टीओडब्ल्यूटी’ कंपनीचं ८१ मीटर लांबीचं ‘आनेमोस’ ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्ककडे निघालं. या खटाटोपाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यामुळेच त्याच्याविषयी विरोधकांनी आणि चाहत्यांनी करून घेतलेले समज तपासून पाहावेत असं वाटतं.

पहिली शंका हमखास निघते ती ही, की इतक्या संथ प्रवासात कॉफी शिळी होत असेल. शिळी होते ती भाजलेली कॉफी. भाजल्यावर काही आठवड्यांतच तिचा सुवास उतरू लागतो. जहाजातून येतात ते कच्चे, हिरवट-करड्या रंगाचे दाणे. ओलावा दहा-बारा टक्क्यांपर्यंत येईतो वाळवून ते गोणीत भरले की कोरड्या, थंड जागी कित्येक महिने टिकतात. त्यांचं खरं वैर ओलीशी आहे आणि ती कंटेनरमध्येही सुटत नाही. उष्ण बंदरात भरलेला कंटेनर थंड समुद्रात पोचला की छताच्या पत्र्याला आतून दव धरतं आणि त्याचे थेंब खालच्या गोण्यांवर पडतात. म्हणून कॉफी भरण्याआधी कंटेनरला आतून जाड कागदाचं अस्तर लावतात, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. वेळेचा फरकही वाटतो तेवढा नाही. कंटेनर मोठ्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवण्यात बरेच दिवस जातात. शिवाय इंजिन असलं म्हणजे रस्ता मोकळा असतोच असं नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला निघालेली भारतीय कॉफीही आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली.

हा वळसा आपल्या कॉफीच्या ओळखीचा आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्याआधी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी शिडाच्या लाकडी जहाजांतून केप ऑफ गुड होपमार्गे महिनोन्‌महिने प्रवास करून युरोपला पोचत असे. वाटेतल्या दमट हवेनं दाणे फुगत, हिरवेपणा जाऊन पिवळट होत, आंबटपणा कमी होई. युरोपातल्या गिऱ्हाइकांना तीच चव अंगवळणी पडली. कालवा झाला, वाफेची जहाजं आली, दाणे हिरवेच पोचू लागले, तेव्हा जुन्या चवीची मागणी उरली. ती भागवायला किनाऱ्यावरच एक पद्धत बसवली गेली.

ती आजही चालते. मंगळूरच्या आसपास जून ते सप्टेंबर या काळात चारी बाजूंनी वारा खेळेल अशा गोदामांत कॉफीचे दाणे जमिनीवर चार ते सहा इंचांच्या थरात पसरतात आणि वरचेवर दाताळ्यानं वरखाली करतात. ओल पुरेशी मुरली की दाणे गोण्यांत सैल भरायचे, गोण्यांच्या रांगा अशा रचायच्या की मधून पावसाळी वारा वाहील, आणि ठरावीक दिवसांनी त्या उपसून पुन्हा भरायच्या. बारा ते सोळा आठवड्यांनी दाणा जवळजवळ दुप्पट फुगतो आणि फिक्या सोनेरी रंगावर येतो. हीच ‘मॉन्सून्ड मलबार’. २००८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

या इतिहासामुळे एक समज पसरला आहे, की शिडाच्या जहाजातून आलेली कॉफी समुद्राच्या हवेनं अधिक चवदार होते. आजच्या जहाजांपुरतं हे खरं नाही. कॉफी कोरडी राहावी यासाठीच तिथं सगळी धडपड असते. गोणीच्या आत हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी असते आणि माल जहाजाच्या पोटात बंदिस्त असतो. चव ठरते ती मळ्यात, दाणे वाळवताना आणि भाजताना.

वाऱ्याचा काय भरवसा, असंही म्हटलं जातं. आपल्या किनाऱ्यावरच्या नाखव्यांना हा प्रश्न पडला नसता. कोकणातली गलबतं मंगलोरी कौलं, मीठ, तांदूळ वाहायची ती वाऱ्याचे मोसम ओळखूनच. पावसाच्या तोंडावर ती किनाऱ्यावर ओढली जायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जायची. अटलांटिकमध्येही ठरलेले मार्ग आहेत. युरोपातून खाली कॅनरी बेटांपर्यंत यायचं, तिथून ईशान्येकडचे व्यापारी वारे पकडून कॅरिबियन गाठायचं. परतताना आधी उत्तरेला चढायचं आणि पश्चिमी वाऱ्यांवर अझोर्स बेटांच्या बाजूनं घरी यायचं. अंतर वाढतं, पण वारा पाठीशी राहतो. त्यात आता उपग्रहांवरून मिळणारा हवामानाचा अंदाज आहे. पोचण्याची तारीख मागेपुढे होते हे मात्र खरं, आणि या धंद्यातल्या खरेदीदारांनी ते मान्य केलेलं असतं.

हे सगळं जुन्या काळात परत जाणं आहे, हा समज ‘त्रेस ओंब्रेस’कडे पाहून होतो. १९४३ मध्ये बांधलेलं, ३२ मीटर लांबीचं हे लाकडी जहाज इंजिनाशिवाय चालतं आणि जेमतेम ३५ ते ४० टन माल नेतं. ‘आनेमोस’ वेगळ्या पिढीचं आहे. पोलादी सांगाडा, कार्बन फायबरच्या दोन उंच डोलकाठ्या, यंत्रानं हलणारी शिडं, आणि चालवायला फक्त सात जण. इंजिनही आहे, बंदरात ये-जा करताना आणि वारा पडल्यावर ते लागतं. म्हणजे ‘शिडाचं जहाज, तेव्हा डिझेलचा थेंबही नाही’ असं सरसकट म्हणता येत नाही.

आता सर्वांत मोठा गैरसमज, आणि तो चाहत्यांचा आहे : शिडातून आली म्हणजे कॉफी कार्बनमुक्त झाली. आपण हिशेबच करू. कंटेनर जहाज एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण १० ते १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. कोलंबियातलं सांता मार्ता ते फ्रान्स हे अंतर सुमारे ८,००० किलोमीटर धरलं, तर किलोभर कॉफीमागे १०० ग्रॅमच्या आसपास होतात. एका कपाला दहा ग्रॅम कॉफी लागते. म्हणजे समुद्रप्रवासाचा वाटा कपामागे सुमारे एक ग्रॅम. त्याच कपात १०० मिलिलिटर दूध घातलं तर त्या दुधामागचा आकडा १५० ते ३०० ग्रॅमपर्यंत जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडलं, की ब्राझील आणि व्हिएतनामहून ब्रिटनला जाणाऱ्या अरेबिकाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १५.३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं आणि ते ३.५ किलोपर्यंत उतरवता येतं. पण त्यांचे उपाय होते विमानाऐवजी जहाज, खतं बेतानं वापरणं आणि पाणी व उष्णता काटकसरीनं वापरणं. साधं कंटेनर जहाजसुद्धा यात मोठं काम करतं.

आकारमानही ध्यानात घ्यायला हवं. ‘आनेमोस’मध्ये हजार टनांच्या आसपास माल मावतो, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापानं पन्नासेक. आज सर्वांत मोठी जहाजं असे २४,००० कंटेनर वाहतात, आणि जगभर वर्षाला निर्यात होणारी कॉफी ऐंशी लाख टनांच्या घरात आहे.

तरीही हे काम मला मोलाचं वाटतं. जगाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के जहाज वाहतुकीतून येतात. जहाज एकदा बांधलं की पंचवीस-तीस वर्षं चालतं, त्यामुळे आज कोणत्या पद्धतीची जहाजं बांधली जातात याला महत्त्व आहे. त्यासाठी आधी कोणीतरी माल नेऊन दाखवावा लागतो. कोरडा, टिकाऊ, किलोमागे बऱ्यापैकी किमतीचा आणि जादा पैसे मोजणारा ग्राहक असलेला माल म्हणून कॉफी त्या कामाला फार सोयीची आहे. तोवर इतर मालानंही वाऱ्याची वाट धरली आहे : २०२३ पासून ‘कॅनोपे’ नावाचं जहाज चार ताठ, पंखांसारख्या शिडांची मदत घेऊन एरियन-६ रॉकेटचे भाग युरोपातून फ्रेंच गयानाला नेतं.

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना अशी कॉफी दुकानात दिसली तर जादा पैसे अवश्य द्यावेत, पण पाकिटावर जहाजाचं नाव, चढवलेलं बंदर आणि सफर लिहिलेली आहे का ते पाहून. नुसतं शिडाचं चित्र असेल तर दुकानदाराला विचारा. खरोखर शिडातून माल आणणारे ही माहिती आनंदानं देतात. आणि आपल्या कपाचा भार हलका करायचा असेल, तर सुरुवात दुधापासून करा.