तारापोरवाला मत्स्यालय : महानगरातील सागरदर्शन

कळंबोली, पनवेल, उरण या भागांतील शाळांच्या सहली मुंबईस जात, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात राणीची बाग, गेटवे ऑफ इंडिया आणि म्हातारीचा बूट यांच्या जोडीने आणखी एक नाव ठरलेले असे. ते म्हणजे तारापोरवाला मत्स्यालय. ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पहिला पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला आणि पनवेल तालुक्यातून मुंबईस जाणे पुष्कळ सुकर झाले. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या मत्स्यालयात जिवंत सागर प्रथमच डोळे भरून पाहिला.

ज्यांच्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे, त्या मुलांनी मासे पाहण्यासाठी महानगरात जावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु किनाऱ्यावरच्या माणसालाही मासा भेटतो तो कोळिणीच्या पाटीत किंवा जेवणाच्या ताटात. पाण्याखाली तो कसा पोहतो, कसा लपतो, पिलांना कसा जपतो, हे गढूळ खाडीच्या काठावरून दिसत नाही. मत्स्यालयाची काच ही उणीव भरून काढते. तारापोरवाला मत्स्यालयाचा इतिहास आणि त्याची आकर्षणे यांचा विचार करताना त्याचे हे लोकशिक्षणाचे कार्य ध्यानी घेणे आवश्यक आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

मासे पाळण्याची हौस पुरातन असली, तरी काचेच्या टाक्यांतून जलचरांचे दर्शन सर्वसामान्य जनतेस घडविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास असे दाखवून दिले की, पाणवनस्पती आणि जलचर यांचे योग्य प्रमाण राखल्यास बंदिस्त पाण्यातही जीवन टिकते. पुढे १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. भारतात मद्रासच्या सागरकिनाऱ्यावर १९०९ साली असे मत्स्यालय सुरू झाले.

मुंबईला हा मान स्वातंत्र्यानंतर मिळाला. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकापासून जवळच, नेताजी सुभाष मार्गावर मत्स्यालयाची इमारत १९५१ साली उभी राहिली. तिच्या बांधकामास सुमारे ८ लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी २ लाख रुपयांची देणगी तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिली आणि त्यांचेच नाव मत्स्यालयास देण्यात आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शासनाचा निधी आणि नागरिकाचे औदार्य यांच्या संगमातून निर्माण झालेली ही वास्तू मत्स्यव्यवसाय विभागाच्या व्यवस्थापनाखाली होती. केवळ करमणूक हा तिचा हेतू नव्हता. सागरी जीवशास्त्राच्या संशोधनाचे कार्यही तारापोरवाला या नावाशी जोडले गेले.

काचेपलीकडील सृष्टी

मत्स्यालयाचे स्थूलमानाने दोन विभाग पडत : खाऱ्या पाण्यातील जलचरांचा आणि गोड्या पाण्यातील जलचरांचा. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत तळाशी वाळूत अंग दडवून बसणारे पाकट, कपारीतून डोके बाहेर काढणारे वामसदृश मासे, तारामासे, कासवे असे नाना जीव प्रेक्षकांनी पाहिले. प्रवाळांच्या प्रदेशातील चिमुकले रंगीत मासे तर बालगोपाळांच्या विशेष आवडीचे. गोड्या पाण्याच्या विभागात दूरदेशीचा अरोवाना आणि शोभेच्या माशांच्या इतर जाती पाहावयास मिळत.

२०१५ साली मत्स्यालयास नवे रूप देण्यात आले. त्या वर्षीच्या ३ मार्च रोजी ते पुन्हा जनतेस खुले झाले. या नूतनीकरणात १२ फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदा हे मुख्य आकर्षण ठरले. त्यातून चालताना मासे डोक्यावरून पोहत जात आणि आपण सागरतळाशी उभे आहोत असा भास होई. या बोगद्यास ॲक्रिलिकच का, याचे उत्तर पाण्याच्या भारात आहे. १ घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम भरते. हा भार पेलावयास जाड आवरण लागते आणि काच जाड झाली की तिच्यात हिरवट झाक येते. ॲक्रिलिक वजनाने काचेच्या निम्म्याइतकेच असून जाड असतानाही पारदर्शक राहते व त्यास बाकही देता येतो.

मात्र पाहणाऱ्याच्या मनात कायमचे राहते ते बोगद्याचे नवल नव्हे, तर जलचरांचे जीवन. समुद्रघोड्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या जातीत मादी अंडी नराच्या पोटावरील पिशवीत सोडते आणि पिलांना जन्म नर देतो. समुद्रफुलाच्या विषारी संस्पर्शिकांत निर्धास्तपणे वावरणाऱ्या विदूषक माशांचे तर याहून आश्चर्य. ते सर्व जन्मतः नर असतात. समूहातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो आणि ती दगावल्यास तिच्यामागचा नर मादीचे रूप घेतो.

हे ऐकून विस्मित होणाऱ्या रायगड जिल्ह्यातील विद्यार्थ्यास शिक्षकांनी त्याच्या ओळखीच्या जिताड्याची गोष्ट सांगावी. पेण, अलिबाग, पनवेल या भागांत मानाचा समजला जाणारा आणि गावोगावच्या तळ्यांत वाढविला जाणारा हा मासादेखील आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे जातो. त्याची पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि तेथे आसरा घेतात. दूरच्या प्रवाळसागरातील अद्भुत आपल्या गावच्या खाडीतही नांदत असते, हे मत्स्यालयाने दिलेल्या दृष्टीमुळे उमगते.

पाणी जिवंत कसे राहते ?

प्रेक्षकास मासे दिसतात; मत्स्यालयाचे कर्मचारी मात्र अहोरात्र सांभाळतात ते पाणी. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात नद्यानाल्यांचे पाणी मिसळून किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता उतरते व ते गढूळही होते. म्हणून असे पाणी साठवून, निवळून, वाळूच्या थरांतून गाळून, त्याची क्षारता तपासूनच टाकीत सोडावे लागते.

खरी कसोटी यापुढे आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साचतो. तो माशांना घातक असतो. गाळणीतील वाळू आणि खडे यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असतो; नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाण्याचा काही भाग वेळोवेळी बदलून त्याचे प्रमाण आटोक्यात ठेवता येते. या जीवाणूंना प्राणवायू हवा, म्हणून पाणी सतत खेळते ठेवावे लागते. वीज गेली आणि पंप बंद पडला, तर काही तासांतच टाकीतील जीव धोक्यात येतात. नवीन मासे आणले की ते काही दिवस वेगळे ठेवून, रोगमुक्त असल्याची खात्री करून मगच इतरांत सोडावयाचे असतात.

थोडक्यात, पाणी नुसते स्वच्छ दिसून भागत नाही. ते जिवंत असावे लागते. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही अमोनिया प्राणघातक प्रमाणात असू शकतो, तर निरोगी खाडीचे पाणी स्वभावतःच गढूळ असते.

विस्तीर्ण मत्स्यालय : खाडी

मत्स्यालयात जे काम गाळण्या, पंप आणि कर्मचारी करतात, तेच काम निसर्गात भरती-ओहोटी, चिखल आणि खारफुटी करीत असतात. ओहोटी साचलेले पाणी बाहेर नेते, भरती नवे पाणी आणते. खाडीच्या चिखलातील जीवाणू सडलेल्या पानापाचोळ्याचे विघटन करतात. तिवरांची मुळे गाळ अडवितात आणि त्यांच्या गुंत्यात कोळंबी, चिंबोऱ्या, बोय व जिताड्याची पिले मोठ्या माशांपासून सुरक्षित राहतात. चिखलावर परांच्या बळावर सरपटणारी आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेणारी निवटी तर कोणत्याही मत्स्यालयास भूषणावह ठरावी.

कळंबोलीच्या संदर्भात हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. शेतीवर आणि खाडीवर जगणाऱ्या या परिसराचे रूप सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० नंतर, झपाट्याने पालटले. वसाहती उभ्या राहिल्या, पोलाद बाजार आला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ येथून झाला. विकासाबरोबर जलाशयांवरचा ताणही वाढला. तळोजा औद्योगिक क्षेत्रातून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. टाकीतील पाणी बिघडले तर ते बदलता येते. खाडीचे पाणी बदलावयास दुसरी खाडी नसते.

मत्स्यव्यवसायाचे नियमही याच दृष्टीने समजून घेता येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ होय. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून होडी समुद्रात न लोटण्याचा कोळी बांधवांचा प्रघात याच शहाणपणाचा द्योतक आहे. रुपेरी पापलेट, म्हणजेच सरंगा, २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित झाला, त्यामागेही त्याच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधण्याचा हेतू होता.

बंद दार आणि खुला मार्ग

कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये तारापोरवाला मत्स्यालय प्रेक्षकांसाठी बंद झाले. सात दशके खाऱ्या हवेस तोंड देणारी वास्तू पुढे तपासणीत जीर्ण झाल्याचे आढळले आणि साथ ओसरल्यावरही तिची दारे उघडली नाहीत. तिच्या पुनर्बांधणीचा विचार सुरू झाला. तथापि या अवधीत शाळेत दाखल झालेल्या मुलांना या सागरदर्शनास मुकावे लागले.

तरीही काही मार्ग उपलब्ध आहेत. ऐरोली येथे ठाणे खाडीच्या काठी २०१७ साली किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झाले. कळंबोलीच्या शाळांना ते मुंबईपेक्षा जवळ आहे. रत्नागिरीस झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात आणि संग्रहालयात देवमाशाचा सांगाडाही पाहावयास मिळतो. कोकणातील सहलीत त्याचा समावेश अवश्य करावा.

शाळेतही लहानशी टाकी ठेवता येते. एक टाकी, हवेचा छोटा पंप, धुतलेली वाळू, थोड्या पाणवनस्पती आणि पाच-सहा गप्पी मासे एवढे साहित्य पुरे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यावा, मासे थोडेच सोडावेत, खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे आणि आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. गप्पी अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देतो आणि डासांच्या अळ्या खातो. हिवताप नियंत्रणासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे वापरतो, हे ग्रामपंचायत सदस्यांना ज्ञात आहेच. ते साचलेल्या पाण्याच्या बंदिस्त टाक्यांत व डबक्यांत सोडावेत. नदीत किंवा नैसर्गिक तलावात नव्हे. शोभेचे परदेशी मासे कंटाळा आला म्हणून जलाशयात सोडणे किती महाग पडते, हे उजनी जलाशयात फोफावलेल्या सकर माशाने दाखवून दिले आहे.

दररोज पाण्याकडे लक्ष द्यावयाचे, कमी-अधिक झाल्यास तत्काळ उपाय करावयाचा आणि जीव दगावल्यास त्याचे कारण शोधावयाचे, ही शिस्त अशा टाकीमुळे विद्यार्थ्यांच्या अंगी बाणते. तिची देखभाल आळीपाळीने करणारा विद्यार्थी पुढे सरपंच, अभियंता अथवा कारखान्याचा व्यवस्थापक होईल, तेव्हा नाल्यातून वाहणाऱ्या पाण्याकडे तो निराळ्या नजरेने पाहील.

मरीन ड्राइव्हवरील मत्स्यालयाने लक्षावधी लोकांना काचेपलीकडचे जीवन दाखविले. नवे मत्स्यालय उभे राहील तेव्हा त्याच्या टाक्यांत दूरदेशीच्या रंगीत माशांशेजारी जिताडा, निवटी आणि चिंबोरी यांनाही मानाचे स्थान मिळावे. त्या दिवशी कळंबोलीहून सहलीस आलेल्या मुलाने काचेवर बोट टेकवून “हा तर आमच्या खाडीतला !” असे म्हणावे आणि त्याचे ते म्हणणे तेव्हाही खरे असावे, यासाठी खाडीची जपणूक आजच व्हावयास हवी.