दोन वाटा, एक दार

मुंबईच्या दळणवळणाच्या इतिहासात १८७० हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षाच्या प्रारंभी लंडनहून बर्लिन, ओडेसा, तेहरान या मार्गाने येणारी तारायंत्राची नवी वाट खुली झाली. ही वाट बहुतांशी खुष्कीची होती व पुढे इराणच्या आखातातून ती कराचीस भारतीय तारांना मिळत असे. त्याच वर्षी जून महिन्यात मुंबई, एडन, सुएझ अशी समुद्रतळावरील वाटही लंडनपर्यंत पूर्ण झाली. तिचा मुंबई ते एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने टाकला होता. एक वाट जमिनीची आणि दुसरी समुद्राची. एकीवर बिघाड झाला तरी दुसरी चालू राहण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

याच्या नेमका उलट अनुभव ३० जानेवारी २००८ रोजी आला. मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या ‘सी-मी-वी ४’ व ‘फ्लॅग’ या दोन समुद्री तारा इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक एकाच दिवशी तुटल्या आणि भारताच्या इंटरनेट सेवेस मोठा फटका बसला. पूर्वेकडील तारांवरून वाहतूक वळवून सेवा सावरावी लागली. तारा दोन होत्या, परंतु त्या भागात त्यांची वाट जवळजवळ एकच होती.

शाळा, रुग्णालय, शासकीय कचेरी किंवा मासेमारी नौका यांसाठी अनेक जोडण्यांचा राउटर बसविताना हाच धडा ध्यानी ठेवावा लागतो.

राउटरचे कार्य

घरगुती राउटर इंटरनेटची एकच जोडणी घेऊन ती अनेक संगणकांस पुरवितो. अनेक-जोडणी राउटर दोन किंवा अधिक जोडण्या घेतो. उदाहरणार्थ, एक फायबरची, दुसरी मोबाइल सिमकार्डाची आणि आवश्यक तेथे तिसरी उपग्रहाची. गिरगावातील चाळीला पुढचा आणि मागचा असे दोन जिने असावेत आणि कोणता जिना मोकळा आहे हे दारावरील रखवालदाराने सांगावे, तसे हे काम चालते.

त्याच्या दोन पद्धती आहेत. राखीव पद्धतीत मुख्य जोडणी बंद पडताच दुसरी कामास लागते. भारविभागणीच्या पद्धतीत दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरल्या जातात. मात्र भारविभागणीने एकाच व्यक्तीचे एकच काम दुप्पट वेगाने होते, हा समज बरोबर नाही. अनेकांची कामे दोन वाटांवर वाटली जातात, इतकेच. दोन्ही वाटांचा वेग खऱ्या अर्थाने एकत्र करावयाचा असेल तर पलीकडच्या टोकासही तशी यंत्रणा लागते व तिचा खर्च वेगळा असतो.

प्रथम वाटा तपासाव्यात

दादर, परळ, लालबाग या भागांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर जोडणी घेणे अवघड नाही. परंतु दोन्ही तारा एकाच गच्चीवरून, एकाच जिन्यालगतच्या नळीतून खाली येत असतील, तर एका दुरुस्तीच्या घावात दोन्ही तुटतात. मोबाइल कंपन्याही अनेक ठिकाणी एकच मनोरा वाटून घेतात. तेव्हा दोन देयके येतात म्हणून दोन वाटा आहेत असे समजू नये. एक जोडणी तारेची व दुसरी बिनतारी असणे केव्हाही हिताचे.

तिसरी गोष्ट विजेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकलगाड्या थांबल्या आणि काही भागांत वीज येण्यास कित्येक तास लागले. अशा वेळी राउटरला दोन काय, चार जोडण्या असूनही उपयोग नाही. राउटर व फायबरचे उपकरण या दोहोंना बॅटरीचा आधार हवा. एकालाच दिल्यास तो व्यर्थ जातो. हिंदमाता परिसराप्रमाणे पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या ठिकाणी ही उपकरणे तळमजल्याच्या जमिनीलगत न ठेवता उंचावर बसवावीत.

मांडणीचा क्रम

दोन्ही सेवादात्यांची उपकरणे पुष्कळदा एकाच अंतर्गत पत्तामालिकेचा वापर करतात. तसे असल्यास नवा राउटर गोंधळतो; म्हणून मालिका प्रथम वेगवेगळ्या करून घ्याव्यात. कारखान्यातून आलेला संकेतशब्द त्याच वेळी बदलावा.

त्यानंतर तपासणीची व्यवस्था लावावी. जोडणीचा दिवा लागला म्हणजे इंटरनेट पोहोचले असे नव्हे. तार पुढच्या नाक्यावर तुटली तरी जवळच्या उपकरणाचा दिवा लागलेलाच राहू शकतो. म्हणून राउटरने दर काही सेकंदांनी दूरच्या दोन विश्वसनीय पत्त्यांना हाक घालावी व लागोपाठ तीन वेळा उत्तर न आल्यास वाट बदलावी, असे ठरवून द्यावे. मुख्य जोडणी परत आल्यावर लगेच न वळता मिनिट-दोन मिनिटे थांबणे बरे, अन्यथा वाट सारखी बदलत राहते.

बँकेच्या किंवा कोषागाराच्या संकेतस्थळांवर काम चालू असताना वाट बदलली की पत्ताही बदलतो आणि काम मध्येच तुटू शकते. भारविभागणीत अशा कामांसाठी एकच वाट नेमून द्यावी. सिमकार्डाच्या जोडणीवर वापराची मर्यादा असल्याने मनोरंजनाची चित्रफीत तिच्यावरून जाऊ नये, असाही नियम घालता येतो.

समुद्रावर

ससून गोदी किंवा भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या नौकेचा प्रश्न निराळा आहे. किनारा दिसत असेतो मोबाइल मनोरे साथ देतात. तेथे दोन कंपन्यांची सिमकार्डे व डोलकाठीवर उंच बसविलेला, खाऱ्या हवेस टिकणारा अँटेना उपयोगी पडतो. राउटर नौकेच्या १२ किंवा २४ व्होल्ट बॅटरीशी जुळणारा असावा आणि तारांचे सांधे पाणबंद असावेत. खोल समुद्रात मात्र उपग्रहावाचून गत्यंतर नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तपासणीची मुदत त्या मानाने वाढवावी. उपग्रह उपकरणे परवानगीशिवाय वापरणे हा गुन्हा आहे, याचेही भान असावे.

मच्छीमारांसाठी उपग्रहाधारित ट्रान्सपाँडरची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू करण्यात आली. तिच्याद्वारे संकटाचा संदेश पाठविता येतो. इंटरनेट हे या उपकरणाचा किंवा व्ही.एच.एफ. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीचा पर्याय नव्हे. त्यांच्यानंतरची ती आणखी एक वाट आहे.

खरी परीक्षा

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात विजेचे खांब व मोबाइल सेवा एकाच वेळी कोसळली आणि अनेक गावांचा संपर्क तुटला. पंचनाम्याची माहिती, रुग्णाची हलवाहलव, नातलगांची खुशाली हे सारे अशाच दिवसांत सर्वाधिक निकडीचे असते.

म्हणून उपकरण बसवून देयक चुकते करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. सर्वांसमक्ष मुख्य तार काढावी. काम चालू राहते का, ते पाहावे. मग विजेचे बटण बंद करावे व पुन्हा पाहावे. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घ्यावी आणि तार कोठे, सिमकार्ड कोणाच्या नावे, संकेतशब्द कोणाकडे याची नोंद कचेरीत ठेवावी. शहरातील शाळा असो की किनाऱ्यावरील ग्रामपंचायत, संकटाच्या घटकेला उपयोगी पडते ती अशी आधीच चालून पाहिलेली दुसरी वाटच.