युद्धातील निष्ठा आणि वऱ्हाडची सीमा

जालन्याहून देऊळगाव राजाच्या वाटेने निघाले की जिल्ह्याची हद्द संपते आणि बुलढाणा जिल्हा सुरू होतो. आज ही रेषा महसुली नकाशापुरती उरली आहे. एके काळी मात्र तिच्या अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड. पहिले महायुद्ध आपण साराजेव्हो आणि व्हर्साय या दोन नावांत बसवून पाठ करतो. त्या युद्धाने आपल्या दाराशी काय शिकवले, ते या सीमेवर उभे राहिल्यावर अधिक स्पष्ट दिसते.

२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ते युद्धाचे निमित्त होते. वसाहतींची हाव, आरमारांची चढाओढ, बाल्कन प्रदेशातील धुमसता राष्ट्रवाद आणि मुत्सद्द्यांनी परस्पर केलेले मैत्रीचे करार ही त्याची खरी कारणे. या करारांपायी अवघ्या सहा आठवड्यांत युरोप पेटला. ज्यांना मरायचे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते.

निजामाच्या प्रजेलाही कोणी विचारले नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या खलिफाने इंग्रजांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले, तेव्हा मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. संस्थानाचा पैसा युद्धाकडे वळला. हैदराबादचे घोडदळ सुएझ आणि पॅलेस्टाइनपर्यंत गेले. १९१८ मध्ये निजामाला बहुमानाच्या पदव्या मिळाल्या आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' हे बिरुदही मिळाले.

या दोस्तीची किंमत काय होती, हे लवकरच कळले. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेला होता. त्याच फौजेची एक छावणी जालन्याला होती. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. युद्धातील सेवेने बळ आलेल्या निजामाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांचे उत्तर आले. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, असा त्याचा आशय होता. दोस्त मांडलिक ठरला!

या प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. वऱ्हाड परत मागताना निजामाने तेथील लोकांना जबाबदार राज्यपद्धती देऊ केली होती. मग सीमेच्या अलीकडील जालना, अंबड, भोकरदनच्या रयतेने कोणते पाप केले होते? जे हातचे गेले त्याला हक्कांचे आमिष आणि जे हाती आहे त्याला फर्मान, असा हा न्याय होता. युद्धानंतर स्वयंनिर्णयाच्या घोषणा जगभर घुमल्या. पण विजेत्यांनी अरब मुलूख आपसांत वाटून घेतले. तिकडे साम्राज्यांनी जे केले, त्याचीच ही घरगुती आवृत्ती होती.

हक्क निष्ठेच्या बक्षिसातून मिळत नाहीत, हे राजाला १९२६ मध्ये कळले असेल वा नसेल. रयतेला मात्र पुढे कळले. आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली, तर स्थापनेपूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह सत्याग्रही तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले.

जी सीमा पदव्यांनी आणि खलित्यांनी तसूभरही हलली नाही, ती अखेर पुसली गेली ती लोकांनी आपला आवाज संघटित केल्यावर. महायुद्धाच्या धड्यात विद्यार्थ्यांना व्हर्सायबरोबर परतूरही शिकवावे, ते यासाठी.