गेममधला चिनी सम्राट एका क्लिकवर कर वाढवतो, खऱ्याला मात्र स्वतःचा वारसही ठरवता आला नाही

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नकाशा उघडायचा, चीन निवडायचा, आणि पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आपल्या हातात घबाड लागलंय. माणसं भरपूर, पैसा भरपूर, सैन्य भरपूर. कर वाढवायचा? एक क्लिक. सुभेदार बदलायचा? एक क्लिक. सम्राटाने म्हणायचं आणि साम्राज्याने करायचं.

आता खऱ्या सम्राटाची गोष्ट बघा.

मिंग घराण्यातला वानली १५७२ ते १६२० अशी ४८ वर्षं गादीवर होता. त्याच्या आवडत्या राणीला १५८६ साली मुलगा झाला. हाच आपल्यामागे गादीवर बसावा, एवढीच त्याची इच्छा. पण त्याच्याआधी राजवाड्यातल्या एका दासीपासून त्याला मुलगा झालेला होता आणि रीतीप्रमाणे हक्क त्या थोरल्याचा. दरबारातले अधिकारी याच मुद्द्यावर अडून बसले. अर्जांवर अर्ज येऊ लागले. सम्राटाने कुणाला बडतर्फ केलं, कुणाला फटके मारले. तरी पुढचा अर्ज हजर. हे १५ वर्षं चाललं आणि १६०१ साली सम्राट हरला. थोरलाच युवराज झाला.

मग सम्राट रुसला. दरबारात येणं त्याने आधीच सोडलं होतं. आता अधिकारी निवृत्त झाले किंवा वारले, तर त्यांच्या जागी तो नवी माणसंच नेमेना. मोठमोठी पदं वर्षानुवर्षं रिकामी पडली. देशाचा मालक आपल्याच सरकारविरुद्ध संपावर!

हे गेममध्ये कसं दाखवायचं? गेम बनवणाऱ्यांना खरा घाम फुटतो तो इथे.

बहुतेक ऐतिहासिक गेमचा सांगाडा मध्ययुगीन युरोपवरून घेतलेला असतो. राजा सरदाराला जमीन देतो, सरदार त्या बदल्यात सैन्य देतो, सरदार मेला की त्याचा मुलगा तिथे बसतो. राजा कमजोर झाला की सरदार डोकं वर काढतात. आपल्याला हे लगेच समजतं, कारण आपल्याकडे वतनं होती. गादीवर कुणीही येवो, देशमुखी त्याच घरात.

मिंग आणि त्यानंतरच्या छिंग काळातल्या चीनमध्ये कारभार असा चालत नव्हता. (त्याआधीच्या हजार-दीड हजार वर्षांत बरेच वेगळे प्रकार होऊन गेले, त्यामुळे या दोन घराण्यांपुरतंच बोलूया.) तिथे जिल्ह्याचा कारभार बघणारा माणूस जमिनीचा मालक नव्हता, तो नोकर होता. परीक्षा देऊन आलेला. सगळ्यात वरची परीक्षा तीन वर्षांतून एकदा व्हायची आणि मिंग काळात त्यातून साधारण ३०० जण निवडले जायचे. खालच्या परीक्षांना बसणारे लाखांत. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत उमेदीची वर्षं घालवलेल्या आपल्याकडच्या पोरांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

पास झालेल्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नसे. नातेवाईक, जमीनजुमला, ओळखीपाळखी यांपासून त्याला लांब ठेवायचा हा नियम. काही वर्षांत बदली ठरलेली. म्हणजे बंड करायला लागणारी एकही गोष्ट त्याच्याकडे नाही. ना जमीन, ना भाऊबंद, ना स्वतःची फौज.

झाला ना प्रश्न मिटलेला? नाही, इथूनच नवा प्रश्न सुरू होतो.

छिंग काळात असे १,३०० च्या आसपास जिल्हे होते. एकेका जिल्ह्यात लाखो माणसं आणि त्यांच्यावर परीक्षा पास झालेला एक परका अधिकारी. खटले तोच चालवणार, कर तोच गोळा करणार, दरोडे पडले तर जबाबदार तोच. अनेकदा त्याला तिथली बोलीही कळायची नाही. मग जिल्हा खरोखर कोण चालवणार? कचेरीतले कारकून आणि शिपाई. ते स्थानिक असायचे आणि त्यांची बदली व्हायची नाही. कुणाच्या नावावर किती जमीन आहे, ते दप्तर त्यांच्या हातात. साहेब येतील आणि जातील, दप्तर इथेच.

त्यात पगाराची गंमत. छिंग काळातल्या जिल्हाधिकाऱ्याचा मूळ पगार वर्षाला ४५ ताएल चांदी, म्हणजे आजच्या मापात पावणेदोन किलोलाही थोडी कमी. यात त्याने घर चालवायचं, खासगी सल्लागार पोसायचे, वरच्या साहेबांना भेटी पाठवायच्या. हे शक्य नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं. मग वाट निघाली चांदीच्या घटीतून. लोक कर म्हणून चांदीचे बारीक तुकडे आणून द्यायचे. ते वितळवून मोठ्या लगडी करताना थोडी चांदी कमी भरायची. ही घट भरून काढायला करावर थोडा जादा आकार लावला जायचा. तो ‘थोडा’ म्हणजे किती, हे ठरवणार जिल्ह्याचा साहेब! घट चिमूटभर, वसुली ओंजळभर.

याला भ्रष्टाचार म्हणायचं का? गेममध्ये ‘भ्रष्टाचार १२ टक्के’ असा लाल आकडा दिसतो आणि पैसे खर्च केले की तो कमी होतो. पण इथे वरकमाई हा यंत्रातला बिघाड नव्हता, यंत्र चालायचंच त्यावर. १७२४ साली योंगझेंग सम्राटाने हा जादा आकार उघडपणे मान्य केला, तो प्रांताच्या तिजोरीत जमा करायला लावला आणि त्यातून अधिकाऱ्यांना मूळ पगाराच्या कितीतरी पट भत्ता सुरू केला. भत्त्याचं नावच होतं ‘सचोटी जोपासण्यासाठीची चांदी’. काही काळ घडी बसली. पुढे दोन-तीन पिढ्यांत वरकमाईच्या नव्या वाटा निघाल्या.

मग सरळ करच का वाढवला नाही? तर कारण आधीच्याच सम्राटाचं वचन. योंगझेंगचे वडील कांगशी यांनी १७१२ साली डोईपट्टीचा आकडा कायमचा गोठवला होता. माणसं कितीही वाढोत, डोईपट्टी वाढणार नाही. पुढच्या दीडशे वर्षांत चीनची लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली, ४० कोटींच्या पुढे गेली. जिल्ह्यांची आणि अधिकाऱ्यांची संख्या मात्र जवळपास तीच. गेममध्ये लोकसंख्या वाढली की राज्य बळकट होतं. इथे लोकसंख्या वाढत गेली तसं सरकार आपल्याच देशासमोर खुजं होत गेलं.

पण माझ्या मते गेममधलं सगळ्यात मोठं खोटं करात नाहीये, माहितीत आहे.

खेळाडूला सगळं दिसतं. कुठल्या प्रांतात किती माणसं, किती धान्य, किती असंतोष, सगळं अचूक. शत्रूचा प्रदेश धुक्यात, आपला लख्ख उजेडात. आता मिंगच्याही बऱ्याच आधीचं, तांग घराण्याचं उदाहरण घ्या. ७५५ साली सरकारी नोंदीत लोकसंख्या होती सुमारे ५ कोटी २९ लाख. त्याच वर्षी आन लुशान या सेनापतीने बंड केलं. ७६४ सालच्या नोंदीत आकडा उरला सुमारे १ कोटी ६९ लाख. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘बंडात साडेतीन कोटी मेले’ असं सांगणाऱ्या पोस्ट तुमच्याही फीडवर येऊन गेल्या असतील. माणसं प्रचंड संख्येने मेली हे खरंच. पण या वजाबाकीत परागंदा झालेले, नोंदीतून निसटलेले आणि सरकारचा हुकूमच चालत नव्हता अशा प्रांतांतले लोकही आहेत. आकडा माणसांचा नव्हता, सरकारला दिसणाऱ्या माणसांचा होता.

सम्राटांना हे कळत होतं. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याने १३८० साली पंतप्रधानाचं पदच रद्द केलं आणि सगळे कागद स्वतः बघायला घेतले. १३८४ सालची नोंद आहे, आठ दिवसांत १,६६० अर्ज आणि त्यांत ३,३९१ विषय. दिवसाला चारशेहून जास्त निर्णय! त्याच्या वंशजांना हे झेपणं शक्यच नव्हतं. मग सचिव उत्तरांचे मसुदे चिकटवून पाठवू लागले आणि सम्राटाच्या वतीने लाल शाई वापरायचं काम हळूहळू खोजांच्या हातात गेलं.

छिंगांनी वेगळी वाट काढली. निवडक अधिकाऱ्यांनी कुलूपबंद पेटीतून थेट सम्राटाला गुप्त पत्र पाठवायचं. मधले सगळे साहेब वगळून. योंगझेंग रात्र-रात्र जागून अशा पत्रांना लाल शाईत उत्तरं लिहायचा. पत्र लिहिणाऱ्याला माहीत असायचं की त्याच प्रांतातून आणखी कुणीतरी, कदाचित त्याच्याविषयीच, लिहीत असेल. खरा गेम तर हा आहे! एकाच दुष्काळाबद्दल तीन पत्रं, तीन वेगळे आकडे, आणि तुम्हाला ठरवायचंय की धान्य कुठे पाठवायचं.

गेमवाल्यांनी काहीच केलं नाही असं नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये २०१७ साली ‘स्वर्गाचा कौल’ मोजणारा आकडा आला, गुणवत्तेचा आकडा आला, सम्राटाचे खास हुकूम आले. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ ने २०२५ मध्ये चीन नकाशावर आणला, तोही नेमणुकीचे अधिकारी आणि त्यांची बढती यांच्यासकट. दुसरा प्रयत्न मला जास्त पटतो. पहिल्यात अडचण अशी की स्वर्गाचा कौल मीटरसारखा दिसतो. आज ६८, पुढच्या महिन्यात ६९. खऱ्या सम्राटासमोर असा मीटर नव्हता. पूर आला की लोक कुजबुजायचे, अधिकारी अर्जात सूचकपणे लिहायचे, आणि कौल खरंच गेला होता का, हे बंडखोर जिंकला की मगच ठरायचं.

काही गोष्टी तर सहज घालता येतील. आईवडील वारले की अधिकाऱ्याने पद सोडून २७ महिने घरी दुखवटा पाळायचा, असा दंडक होता. १५७७ साली सरकारचा गाडा हाकणाऱ्या झांग जुझेंगचे वडील वारले. वानली तेव्हा पोरसवदा होता आणि झांगवाचून कारभार चालणार नव्हता, म्हणून त्याला सूट मिळाली. त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांना फटके बसले. झांगने पुढे जमिनीची मोजणी काढली, करपद्धत सुटसुटीत केली, तिजोरी भरली. १५८२ साली तो मेला आणि दोन वर्षांत त्याचीच मालमत्ता जप्त झाली. तुमचा सगळ्यात कर्तबगार मंत्री ऐन कामाच्या मध्यात २७ महिने घरी जाणार. अडवलं तर अख्खा दरबार विरोधात, नाही अडवलं तर सुधारणा बंद. कुठलं बटण दाबाल?

खेळाडूंना हे आवडेल का, ही शंका रास्त आहे. माणूस गेम विकत घेतो तो हुकूम चालवायला, हुकूम अडकलेला बघायला नाही. म्हणून मला वाटतं, खेळाडूला सम्राट करूच नये. त्याला जिल्ह्यात पाठवा. वय ३५, नुकताच परीक्षा पास, घरापासून महिनाभराच्या वाटेवर, पगार ४५ ताएल. पहिल्या दिवशी ३० वर्षं तिथेच असलेला कारकून दप्तर घेऊन समोर येतो आणि म्हणतो, “साहेब, यंदाचे आकडे मागच्या वर्षीचेच लिहू ना?”