मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका

कर्करोग म्हटला की मुंबईच्या कामगाराला तंबाखू आणि तोंड आठवते. ते योग्यच आहे. परंतु मोठ्या आतड्याचा व मलाशयाचाही कर्करोग असतो, आणि त्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही. कारण विषय शौचाचा पडला. या लाजेपायी माणसे दगावतात, म्हणून आम्ही येथे ती बाजूस ठेवणार आहोत.

मुंबईत १९६३ पासून कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. भारतातील अशी ही पहिली नोंदवही. युरोप-अमेरिकेच्या मानाने हा रोग आपल्याकडे अजून कमी आहे. तथापि शहरांत तो वाढतो आहे, आणि पन्नाशीच्या आतले रुग्णही त्यात पुष्कळ असतात. साऱ्या जगात २०२२ या एका वर्षात सुमारे १९ लाख माणसांना तो झाला व ९ लाख त्याने नेली.

कारणे काय? वाढते वय आणि घराण्यातील रोग यांवर आपला इलाज नाही. पण तंबाखू, दारू, लठ्ठपणा, लाल व टिकवलेले मांस, चोथा नसलेले अन्न आणि बैठे काम यांवर आहे. मुलुंड-भांडुप-घाटकोपर पट्ट्यातले कितीतरी कारखाने बंद पडले. यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बापाचा मुलगा आज अंधेरीच्या कचेरीत दिवसभर खुर्चीवर असतो. भाकरी-उसळीची जागा मैद्याच्या पावाने घेतली आहे.

हा रोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी लहानसा मांसांकुर उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात. काहींचा कर्करोग होतो, पण त्याला साधारणपणे दहा वर्षे लागतात, आणि तोवर दुर्बिणीच्या तपासणीत तो दिसला तर तेथल्या तेथे काढता येतो. संपाची नोटीस चौदा दिवसांची असते, ही दहा वर्षांची आहे; फक्त ती उघडून वाचावी लागते.

शौचावाटे रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, उगाच घटणारे वजन, रक्त कमी होऊन येणारा थकवा, ही लक्षणे. रक्त बहुधा मूळव्याधीचेच असते. पण तो निर्णय डॉक्टरांनी करावयाचा, नाक्यावरच्या चूर्णवाल्याने नव्हे. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे रोग जागच्या जागी असताना सापडला तर दहांपैकी सुमारे नऊजण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर एखाददुसराच.

कामगार तपासणी टाळतो तो खाड्याच्या भीतीने. विमा योजनेतील पात्र कामगाराला आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो, आणि कर्करोगासाठी ही मुदत पुढे वाढते, हे कितीजणांना ठाऊक आहे? कंत्राटी कामगाराच्या हाती तर पुष्कळदा विम्याचे कार्डच नसते.

सरकारने २०१६ साली आखलेल्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग घेतले. आतड्याचा घेतला नाही. अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीलाच तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी सोपी आहे. ती वयस्क कामगारांना, आणि ज्यांच्या घरात हा रोग झाला आहे त्यांना दुर्बिणीची तपासणी, भरपगारी रजेसह मिळावी, ही मागणी पगारवाढीच्या बरोबरीने मागणीपत्रात आली पाहिजे. वाढलेला पगार घ्यायला माणूस तर उरला पाहिजे!