गाडीतला कॅमेरा स्वस्त चालेल, मेमरी कार्ड मात्र पक्के हवे

पुण्याच्या पेठांतून हिंजवडीकडे माल आणि कसब घेऊन जाणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या भोवती, माण आणि मारुंजीपर्यंत, उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. तेथे कोणी पडद्याचे कापड पुरवितो, कोणी सोफे शिवतो, कोणी सुतारकाम करतो, तर कोणी एसीची दुरुस्ती. धंदा चांगला आहे, पण वाट अवघड आहे. वाकडचा पूल, भूमकर चौक, शिवाजी चौक या टप्प्यात सकाळ-संध्याकाळ गाडीला गाडी चिकटलेली असते आणि दुचाकीस्वार मिळेल त्या फटीतून शिरतात.

अशा ठिकाणी धक्का लागला तर चूक कोणाची हे कोणी पाहत नाही. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याच्या बाजूने चार माणसे जमतील, त्याचे खरे ठरते. टेम्पोत माल असलेला माणूस तर आधीच अडकलेला असतो. तिकडे गिऱ्हाईक खोळंबलेले, इकडे मागे हॉर्न वाजत असतात. मग दोन-चार हजार रुपये हातावर ठेवून तो सुटका करून घेतो. आमच्या ओळखीच्या कित्येकांनी असे पैसे भरले आहेत. त्यांतल्या काहींची चूक होती, काहींची मुळीच नव्हती. पण त्यांच्या बाजूने बोलणारा साक्षीदार नव्हता.

हा साक्षीदार म्हणजे डॅशकॅम. समोरच्या काचेला आतून लावलेला छोटा कॅमेरा गाडी सुरू होताच रस्त्याचे चित्रण करू लागतो. रशियात खोटे अपघात घडवून पैसे उकळण्याचा त्रास इतका वाढला होता की हजारो मोटारींत असे कॅमेरे बसले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हा तिचे चित्रण याच कॅमेऱ्यांत सापडले आणि ते जगाने पाहिले.

आता खरेदीविषयी. साध्या, फक्त पुढचे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला साधारण तीन ते पाच हजार रुपये पडतात. पुढचा व मागचा अशी जोडी त्याहून महाग पडते, परंतु हिंजवडीच्या रांगेत मागून ठोकर बसण्याची भीती जास्त असते. म्हणून ऐपत असेल तर जोडीच घ्यावी. डब्यावर मोठ्या अक्षरांत '४के' लिहिलेले असते, त्याला भुलू नये. आत सेन्सर लहान असला की ते नुसते छापील आकडे ठरतात. दुकानदाराला रात्रीचे चित्रण दाखवायला सांगावे आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का ते पाहावे. कापड जसे आपण उजेडात उलगडून पाहतो, तसेच हे. लेन बदलल्याचा इशारा, बोलणारा सहायक वगैरे गोष्टी आमच्या मते निव्वळ झालर आहेत.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी, आत बॅटरी आहे की कपॅसिटर? एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीची काच भट्टीसारखी तापते. त्या उष्णतेने लिथियमची बॅटरी फुगू शकते. कपॅसिटर जास्त टिकतो.

कॅमेऱ्यात वाचलेले पैसे मेमरी कार्डावर खर्च करावेत. मोबाइलमधले जुने कार्ड काढून येथे घालू नये. या कार्डावर रोज तासन्‌तास लिहिले व पुसले जाते, त्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' नावाचे वेगळे कार्ड मिळते. फुल एचडी चित्रणाला ६४ जीबीचे कार्ड साधारण आठ-दहा तास पुरते. कार्ड भरले की कॅमेरा सर्वांत जुने चित्र पुसून त्यावर नवे घेतो. जोराचा धक्का बसल्यास आतला जी-सेन्सर तेवढी फाइल कुलूपबंद करतो, पण हलक्या घासणीला तो जागा होईलच असे नाही.

आमच्या लाइनमधल्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो वाकडजवळ एका मोटारीने घासला. कॅमेरा चालू होता, त्यामुळे तो निर्धास्त राहिला आणि चार दिवस टेम्पो नेहमीप्रमाणे फिरवीत राहिला. पाचव्या दिवशी कार्ड काढून पाहिले, तर त्यावर चारच दिवसांपूर्वीचे काही उरले नव्हते. दुरुस्तीचा खर्च त्याच्या अंगावर पडला.

म्हणून अपघात झाला की गाडी बाजूला घ्यावी, जखमी असल्यास प्रथम त्याला पाहावे, आणि कॅमेरा बंद करून कार्ड काढून खिशात ठेवावे. गाडीत दुसरे कोरे कार्ड असू द्यावे. समोरच्या गाडीचा नंबर मोठ्याने उच्चारण्याची युक्तीही चांगली, कारण चित्र अंधुक आले तरी आवाज राहतो. महिन्यातून एकदा घड्याळाची वेळ तपासावी. तारीख चुकीची असेल तर समोरचा वकील पहिला बोट तेथेच ठेवील.

कायद्याच्या बाजूने जालन्याचा खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यासाठी निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्याचे चित्रण पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की चित्रणाची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः न्यायालयात हजर करून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या तुकड्यावर विसंबू नये. त्याची एक प्रत पोलिसांना व विमा कंपनीला दाखवावी, मूळ कार्ड जपावे, पोलिसांनी घेतल्यास पंचनाम्यात नोंद करून घ्यावी. हिंजवडीला आपण पुण्यात धरत असलो तरी तेथील पोलीस ठाणे २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखाली येते, हेही ध्यानात असावे.

कॅमेरा मालकाची बाजू घेत नाही. आपल्या ड्रायव्हरने सिग्नल तोडला असेल तर तेही त्यात येईल, आणि तो पुसून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. ड्रायव्हरला कॅमेऱ्याविषयी पहिल्याच दिवशी सांगावे. लपवून लावल्याने त्याचे मन दुखावते.

बसविताना कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या भागात यावा आणि चालकाची नजर अडू नये. काचेच्या बाजूच्या खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्यावरून नेऊ नये, हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. उभ्या गाडीतही चित्रण हवे असेल तर बॅटरी उतरली की आपोआप बंद होणारे किट लावावे. नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल. आणि सोबत दुसरा व्यापारी बसला असेल, भावाची बोलणी चालली असतील, तर तेवढा वेळ आवाजाचे बटण बंद ठेवलेले बरे.