लोखंडाचा उन्हाळा, लोखंडाचा हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : ‘रुळाला तडा, लोकल वाहतूक विस्कळीत’. वेळ बहुधा पहाटेची. फलाटावर गर्दी साचत जाते, उद्घोषणा होत राहतात आणि तासाभराने गाड्या रखडत का होईना, सुरू होतात. ऐन मे महिन्यात मात्र ही बातमी क्वचित वाचायला मिळते. याचं उत्तर आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं, पण अर्धंच.

पुस्तकातलं उत्तर असं : धातू तापले की प्रसरण पावतात, म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवतात. दोन गुणांचा प्रश्न, पाठ करून लिहायचा. त्या काळापुरतं ते खरंही होतं. आपल्याकडचा रुळाचा साधा तुकडा १३ मीटरचा. उन्हाळ्यात भर दुपारी हवा ४० अंशांवर असली, तरी उन्हात पडलेला रूळ ६० अंशांपर्यंत जातो. तोच रूळ हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांवर आलेला असतो. या ४५ अंशांच्या फरकाने १३ मीटरच्या तुकड्याची लांबी बदलते जेमतेम सात मिलिमीटर. तेवढी फट ठेवली, दोन्ही बाजूंनी फिशप्लेट लावून बोल्ट आवळले की काम झालं. आगगाडीचा तो जुना ‘खडक्-खडक्’ ताल या फटींचाच होता.

आता तो ताल मुख्य मार्गांवर जवळजवळ ऐकू येत नाही, कारण फटीच राहिल्या नाहीत. सांधा म्हणजे धक्का. धक्क्याने रुळाची टोकं झिजतात, चाकं झिजतात, बोल्ट ढिले होतात आणि देखभालीचा खर्च वाढतो. म्हणून रूळ एकमेकांना वेल्डिंगने जोडून मैलोन् मैल सलग केले गेले. मग किलोमीटरभर सलग रुळाचं काय? वरचंच गणित मांडलं तर त्याने अर्धा मीटर लांब व्हायला हवं. प्रत्यक्षात तो मधल्या भागात तसूभरही हलत नाही. त्याला हलू दिलं जात नाही.

पुस्तकातून सुटलेला अर्धा भाग तो हाच. वाढायला जागा मिळाली नाही, तर ती वाढ जोर होऊन रुळातच साठते. आपल्या मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला ६० किलो वजनाचा असतो. त्याला पक्कं जखडून ठेवलं, तर तापमानाच्या दर अंशामागे त्यात सुमारे १.८ टनांचा दाब तयार होतो. तीस अंश वाढले की एका रुळात ५५ टन, दोन्ही मिळून ११० टन. हा सगळा जोर पेलतात काँक्रीटचे स्लीपर, रूळ त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि आजूबाजूला रचलेली खडी. खडी पाणी निचरायला असते असा अनेकांचा समज आहे. ते कामही ती करतेच, पण भर उन्हात मार्गाला आडवं फुगू न देणं ही तिची मोठी चाकरी. खडी कमी पडली, क्लिपा निसटल्या, तर साठलेला जोर कुठेतरी वाट काढतो आणि सरळ मार्ग नागमोडी होतो. भरधाव गाडीला हा प्रकार जीवघेणा. म्हणूनच उन्हाळ्यात तळपत्या दुपारी रेल्वेची माणसं रुळांवरून पायी गस्त घालतात.

मग तडे हिवाळ्यात का? रूळ जखडताना एक ठरावीक तापमान निवडतात, ज्याला रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो. हे तापमान त्या भागातल्या सरासरीपेक्षा मुद्दाम थोडं वर ठेवतात. त्यामुळे उन्हाळ्यातला दाब कमी होतो, पण हिवाळ्यातला ताण तेवढाच वाढतो. आखडू पाहणारा रूळ दोन्हीकडून ओढला जातो आणि एखादं वेल्डिंग कच्चं असलं, आत बारीक भेग असली, तर तिथे तुटतो. हा सौदा जाणूनबुजून केलेला आहे. वाकलेला मार्ग गाडी घसरवतो. तुटलेल्या रुळात मात्र सिग्नलचा विद्युतप्रवाह खंडित होतो, सिग्नल बहुधा लाल होतो आणि गाडी थांबते. पहाटे फलाटावर खोळंबणं त्रासाचंच, पण माझ्या मते सौदा शहाणपणाचा आहे.

रुळांवरची विजेची तार तांब्याची. तांबं लोखंडापेक्षा जास्त वाढतं आणि सैल तारेशी डब्यावरच्या, तिच्यातून वीज घेणाऱ्या पँटोग्राफचं जमत नाही. स्थानकाजवळच्या काही खांबांना गोल चकत्यांची किंवा ठोकळ्यांची चळत लटकलेली दिसते, ती यासाठीच. कप्पीवरून ही वजनं तार ओढून धरतात. दुपारी तार लांबली की ती खाली उतरतात, रात्री वर चढतात.

हे सगळं होतं कशामुळे? धातूतले अणू जागच्या जागी कापत असतात आणि उष्णता वाढली की कापणंही वाढतं. दोन अणूंना जवळ दाबणं कठीण, दूर ताणणं त्या मानाने सोपं. त्यामुळे कंप वाढला की त्यांच्यातलं सरासरी अंतर वाढतं. पोलादाचा मीटरभर दांडा एका अंशाला १२ मायक्रॉन वाढतो, तांब्याचा १७, पितळेचा १९, ॲल्युमिनियमचा २३. साधी काच ९ आणि प्रयोगशाळेतली काच तीनच्या थोडी वर. म्हणून ती ज्योतीवर धरता येते आणि चहाचा जाड ग्लास मात्र एकदम कढत पाणी पडलं की तडकतो. काँक्रीटचा आकडा पोलादाच्या अगदी जवळ आहे. तसा नसता, तर स्लॅबमधल्या सळयांनी काही उन्हाळ्यांतच काँक्रीट फोडलं असतं.

हे मायक्रॉन आपल्या खेड्यातल्या लोहाराला ठाऊक नव्हते, पण त्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्याला उत्तम जमत होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच ठेवी. मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा गोल जाळ करून धाव त्यात लालबुंद करायची. तापलं की कड्याच्या मधलं भोकही मोठंच होतं. ते लहान होत असेल असं अजून पुष्कळांना वाटतं, पण बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्याखाली धरून उघडणाऱ्या कोणालाही विचारावं. १२० सेंटीमीटर व्यासाच्या धावेचा घेर पाचशे-सहाशे अंशांनी तापल्यावर दोन-अडीच सेंटीमीटरने वाढतो. मग दोघा-तिघांनी लांब चिमट्यांनी ती उचलायची, चाकावर टाकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत हातोड्याने खाली बसवायची. धुराचा लोट उठे. लगेच बादल्यांनी पाणी ओतलं की धाव आवळत जाई आणि आऱ्यांचे सांधे कुरकुरत घट्ट होत. ना खिळा, ना डिंक. आगगाडीच्या चाकांवर पोलादी टायर बसवायची पद्धतही हीच होती.

आणखी एक युक्ती याहून चतुर : दोन धातू एकमेकांवर सोडायचे. इंग्लंडमधला सुतार आणि घड्याळजी जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात पितळ आणि पोलाद यांची अशी जोडी लावली की लंबकाची लांबी बदलेनाशी झाली. पोलादी दांड्याचं लंबकाचं घड्याळ हवा दहा अंशांनी तापली की दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं, ते थांबलं. दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी तापली की वाकते. इस्त्रीतला ‘टक्’ आवाज तिचाच, आणि जुन्या दिवाळीच्या माळा लुकलुकायच्या त्याही हिच्यामुळे. माळेतल्या एका खास दिव्यात ही पट्टी असे. तापली की वाकून प्रवाह तोडी, निवली की पुन्हा जोडी. आताच्या एलईडी माळांत हे काम चिप करते.

या युक्तीचा सर्वांत भव्य प्रयोग भारताच्या जमिनीवर झाला. त्याआधी, सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली. देशाच्या मोजणीसाठी पुढे देशभर उभ्या राहिलेल्या त्रिकोणांचं पहिलं माप तेच. साधन काय, तर १०० फुटी पोलादी साखळी. ही साखळी मुळात ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या बादशहासाठी गेली होती आणि तिथून फिरून हिंदुस्थानात आली. आता हिशोब पाहा : साखळी एका अंशाने तापली, तर १२ किलोमीटरमध्ये १४ सेंटीमीटरची चूक. मद्रासचा एप्रिल-मे, सकाळ आणि दुपारमध्ये दहा अंशांचा फरक सहज. म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये, तिवयांवर, उन्हापासून झाकून ठेवायची, शेजारी थर्मामीटर लावायचे आणि प्रत्येक मापाला तापमानाची दुरुस्ती करायची. यातल्या कुठल्याही चुकीवर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहणार होते.

त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने साखळीला रजा दिली आणि १८३० मध्ये इंग्लंडहून थॉमस कोल्बीचे दांडे आणले. लोखंडाचा आणि पितळेचा असे दोन दांडे शेजारी-शेजारी, मध्यभागी जोडलेले, आणि दोन्ही टोकांना फिरणारी एकेक आडवी पट्टी. तापल्यावर पितळ जास्त सरकतं, लोखंड कमी. त्यामुळे पट्टी तिरकी होते, आणि लोखंडाच्या पलीकडे तिच्यावर एक बिंदू असा सापडतो, जो जागचा हलत नाही. दोन्ही टोकांच्या अशा बिंदूंमधलं अंतर ऊन असो वा थंडी, १० फूटच. असे सहा दांडे ओळीने मांडून, मध्ये सूक्ष्मदर्शक लावून १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची आणि १८३४-३५ मध्ये डेहराडूनची आधाररेषा मोजली गेली. हिमालयाची शिखरं पुढे ज्या त्रिकोणांच्या जाळ्यावरून मोजली गेली, ते या रेषांवर उभं होतं.

एवढी खटपट टाळणारा धातू १८९६ मध्ये हाती आला. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात काम करणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना आढळलं की लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळलं, तर वाढ पोलादाच्या जवळपास दहाव्या हिश्शावर येते. या मिश्रधातूला त्यांनी इन्वार म्हटलं. त्याच्या फिती आणि तारा आल्यावर मोजणीदारांनी कोल्बीचे अवजड दांडे बाजूला ठेवले, घड्याळजींनी लंबक बदलले. गियोम यांना याच कामासाठी १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लॅम्ब्टनला असलं काही मिळालं नाही. त्रिकोण उत्तरेकडे सरकवत, हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गाने जाणार असाल, तर हिंगणघाटला अर्धा तास जरूर थांबा.